नेपाळची विजेची मोटार आणि सीमेपलीकडचे आकडे

नेपाळमध्ये २०२४-२५ या आर्थिक वर्षात जेवढ्या नव्या प्रवासी मोटारी विकल्या गेल्या, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश विजेवर चालणाऱ्या होत्या. नॉर्वेसारखे मोजके देश वगळले तर युरोपातील बहुतेक श्रीमंत राष्ट्रांनाही हे प्रमाण गाठता आलेले नाही. पाच वर्षांपूर्वीची स्थिती काय होती? २०२०-२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या अवघ्या २४९ चारचाकी गाड्या या देशाने आयात केल्या होत्या. पुढील वर्षी हा आकडा १,८०७ झाला, त्यानंतर ४,०५०, आणि २०२३-२४ मध्ये ११,७०१. एके काळी दिवसाचे सोळा-सोळा तास भारनियमन सोसणाऱ्या देशात हे घडावे, याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे.

त्यामुळेच हे स्थित्यंतर सध्या अनेक देशांतील अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय झाले आहे. मात्र, या अभ्यासात एक अडचण आहे. नेपाळमध्ये धावणारी मोटार चीन किंवा भारतातून येते. तिने वाचवलेले पेट्रोल भारतातून आलेले असते. तिला हिवाळ्यात लागणाऱ्या विजेचा काही भागही भारतातून येतो. काठमांडूच्या हवेतील धुराचा एक हिस्सा तर गंगेच्या मैदानातून वाहत येतो. म्हणजे नेपाळचा नफा-तोटा मांडायला बसले, की प्रत्येक ओळ सीमा ओलांडते. हा हिशेब एकट्या नेपाळला करता येणार नाही, आणि आजवर तो एकट्या नेपाळने केलेलाही नाही. तो बहुतांशी परक्यांनी, परक्यांच्या पैशातून आणि तुकड्यातुकड्यांनी केला आहे.

मुंबई आणि काठमांडू एका यादीत

या कथेची सुरुवात शोधायची तर नव्वदच्या दशकात जावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटरवर असलेले काठमांडूचे खोरे वाटीसारखे आहे. हिवाळ्यात वरच्या थरातील उबदार हवा या वाटीवर झाकणासारखी बसते आणि खालचा धूर खालीच कोंडतो. त्या काळी या खोऱ्यातील प्रवासी वाहतुकीचा मोठा भार लखनौच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘विक्रम’ या डिझेलवर धावणाऱ्या तीनचाकी टेम्पोंवर होता. त्यांच्या काळ्या धुराविषयी पर्यटकही तक्रारी करीत.

जागतिक बँकेने त्या सुमारास आशियातील चार महानगरांच्या हवेचा एक अभ्यास हाती घेतला. ‘अर्बएअर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पात मनिला, जाकार्ता, काठमांडू खोरे आणि आपली बृहन्मुंबई या चार ठिकाणांचा समावेश होता. १९९७ मध्ये त्याचे स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले. हवेचे गणित मांडण्याचे काम ज्या संस्थांनी केले, त्यांत नॉर्वेची वायू संशोधन संस्था होती. पुढे विजेच्या मोटारींचे माहेरघर ठरलेल्या देशातील शास्त्रज्ञ त्या काळी काठमांडूच्या धुराची मोजदाद करीत होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अहवाल छापून येण्यापूर्वीच रस्त्यावर मात्र दुसरा एक प्रयोग सुरू झाला होता. १९९३ मध्ये अमेरिकेतील ‘ग्लोबल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ या छोट्या संस्थेने काठमांडूत विक्रम टेम्पोचे डिझेल इंजिन काढून त्या जागी विजेची मोटार बसवली. अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ या मदत संस्थेने निधी दिला. काही गाड्यांचा ताफा प्रायोगिक तत्त्वावर रस्त्यावर उतरवण्यात आला आणि त्यातून ‘सफा टेम्पो’ जन्माला आला. नेपाळीत सफा म्हणजे स्वच्छ. सहा व्होल्टच्या बारा शिसे-आम्ल बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला, आणि दिवसाच्या मध्यावर केंद्रात येऊन संपूर्ण बॅटरी संच बदलण्याची सोय. आज भारतात ‘बॅटरी स्वॅपिंग’ म्हणून ज्या कल्पनेचा गाजावाजा होतो, ती काठमांडूच्या टेम्पोचालकांना पंचवीस-तीस वर्षांपासून परिचयाची आहे. या चालकांमध्ये महिलांचे प्रमाण लक्षणीय होते आणि आजही आहे.

नेपाळी उद्योजकांनी हा धंदा उचलून धरला. १९९९ मध्ये सरकारने खोऱ्यातून डिझेलच्या विक्रम टेम्पोंना हद्दपार केले. सफा टेम्पोंची संख्या सहाशेच्या वर गेली. विजेवर धावणारी सार्वजनिक तीनचाकी वाहने एवढ्या संख्येने एकाच शहरात त्या काळी जगात क्वचितच कुठे असतील. आणि इथेच गाडे अडले. बंदी घातलेल्या विक्रम टेम्पोंच्या मालकांना भरपाई म्हणून सरकारने पेट्रोल व गॅसवर चालणाऱ्या मिनीबसगाड्यांच्या आयातीला करसवलत दिली. वेगवान, आरामशीर मायक्रोबस रस्त्यावर आल्या आणि सफा टेम्पोची वाढ खुंटली. चिनी मदतीने १९७५ मध्ये सुरू झालेली काठमांडू ते सूर्यविनायक ही तेरा किलोमीटरची ट्रॉलीबस सेवाही त्यानंतरच्या दशकात रडतखडत बंद पडली.

तंत्रज्ञान होते, चालक होते, ग्राहक होते. गाडी कोणती धावणार हे ठरवले सीमाशुल्काच्या तक्त्याने. पुढील वीस वर्षांत जे काही घडले, त्याची किल्ली या एका घटनेत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हवेची शल्यचिकित्सा

यानंतर संशोधनाचा रोख वाहनांवरून हवेकडे वळला. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील संस्था आणि ललितपूरमध्ये मुख्यालय असलेले ‘इसिमोड’ हे आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास केंद्र यांनी मिळून डिसेंबर २०१२ पासून ‘सस्कॅट’ ही मोजणी मोहीम राबवली. भारत, चीन, पाकिस्तानसह हिमालयाच्या परिसरातील आठ देश इसिमोडचे सदस्य आहेत. अनेक देशांतील शास्त्रज्ञ आपापली उपकरणे घेऊन खोऱ्यात आले. या व नंतरच्या अभ्यासांतून जे चित्र उभे राहिले ते विजेच्या मोटारींच्या पुरस्कर्त्यांना फारसे सोयीचे नाही. काठमांडूच्या धुरात वाहनांचा वाटा मोठा आहे खरा. पण हिवाळ्यात पेटणाऱ्या वीटभट्ट्या, उघड्यावर जाळला जाणारा कचरा आणि त्या काळी भारनियमनामुळे घरोघरी, दुकानोदुकानी धडधडणारे डिझेल जनरेटर हेही तेवढेच दखलपात्र होते.

याच धाग्याला पुढे नेणारी दुसरी मोहीम एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. ‘नमस्ते’ असे समर्पक संक्षिप्त नाव लाभलेल्या या मोहिमेत अमेरिकेतील अनेक विद्यापीठे इसिमोडच्या सहकार्याने सहभागी झाली होती. दुचाकी, जनरेटर, शेतीपंप, चुली, वीटभट्ट्या, जळता कचरा अशा एकेका स्रोताजवळ जाऊन त्याचा धूर मोजायचा, अशी पद्धत होती. यापूर्वी दक्षिण आशियातील प्रदूषणाची गणिते करताना अभ्यासक बऱ्याचदा युरोप-अमेरिकेतील वाहनांचे आकडे उसने घेत. आपल्याकडची दहा वर्षे वापरलेली मोटारसायकल आणि तिथली मोटारसायकल यांचा धूर सारखा कसा असेल? ‘नमस्ते’ने हा उसनवारीचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटवला. दुचाकींची किरकोळ देखभाल करण्यापूर्वी आणि केल्यानंतरही मोजणी झाली. देखभालीने धुरातील कण घटतात, वायुरूप प्रदूषकांचे मात्र तसे होत नाही, असे त्यात आढळले. ‘गाडीची वेळेवर सर्व्हिसिंग करा’ या सरकारी उपदेशाची मर्यादा त्यामुळे कळून चुकली.

ही मोहीम मध्येच थांबली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला आणि सुमारे नऊ हजार लोक मृत्युमुखी पडले. मोजणी आवरती घ्यावी लागली. जेवढे आकडे हाती होते, तेवढ्यांवर पुढचे शोधनिबंध लिहिले गेले.

पाच महिन्यांची टंचाई

भूकंपातून देश सावरतो न सावरतो तोच सप्टेंबर २०१५ मध्ये नवी राज्यघटना जाहीर झाली. तराईतील मधेशी आंदोलन पेटले आणि भारतातून येणारी मालवाहतूक जवळपास पाच महिने विस्कळीत झाली. नेपाळने याला अघोषित नाकेबंदी म्हटले; भारताने हा आरोप नाकारला. राजकीय वाद काहीही असो, काठमांडूतील पेट्रोल पंपांसमोर लागलेल्या मैलभर रांगा खऱ्या होत्या. नेपाळमध्ये तेल निघत नाही. जे लागते ते सगळे इंडियन ऑइलकडून येते. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारमधील मोतिहारी ते नेपाळमधील अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली आणि पुरवठा सुरळीत झाला. अवलंबित्व मात्र कायम राहिले. पेट्रोलियम पदार्थांच्या आयातीवर नेपाळ दरवर्षी साधारण तीनशे अब्ज नेपाळी रुपये खर्च करतो.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला वीज वाढू लागली. २०१६च्या दिवाळीपासून काठमांडूतील भारनियमन संपले. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला आणि पावसाळ्यात विजेचे करायचे काय, असा उलटा प्रश्न उभा राहिला. विकत घ्यावे लागणारे तेल आणि वाया जाणारी वीज, अशा पेचातून नेपाळचे धोरण आकाराला आले. हवामान बदलाची भाषा त्यावर नंतर चढवली गेली, असे या प्रतिनिधीचे मत आहे. ‘जागतिक हरित विकास संस्थे’च्या साह्याने २०१८ मध्ये विद्युत वाहनांचा राष्ट्रीय कृती आराखडा तयार झाला आणि २०२० मध्ये नेपाळने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या हवामानविषयक कृती कार्यक्रमात एक उद्दिष्ट नोंदवले. २०२५ पर्यंत विकल्या जाणाऱ्या खासगी वाहनांपैकी २५ टक्के आणि २०३० पर्यंत ९० टक्के वाहने विजेवरची असावीत, असे ते उद्दिष्ट होते.

गंमत अशी, की ज्या वर्षी हे उद्दिष्ट जगाला कळवले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने विजेच्या मोटारींवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेले आणि वर उत्पादन शुल्कही लावले. २०२१ मध्ये हा निर्णय फिरवण्यात आला आणि त्यानंतर मोटारीच्या किलोवॉट क्षमतेनुसार करांचे टप्पे आले. पेट्रोल मोटारीवरचा एकूण करभार तिच्या मूळ किमतीच्या दुपटीच्याही पुढे जातो. विजेच्या छोट्या मोटारीवर तो त्याच्या काही अंशानेच आहे. ग्राहकाला यापेक्षा वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. सुरुवातीच्या काळात पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या टाटा नेक्सनच्या विद्युत आवृत्तीने ही बाजारपेठ गाजवली. नंतर चिनी कंपन्यांनी मुसंडी मारली. कराचा टप्पा शंभर किलोवॉटला बदलतो म्हटल्यावर तेवढ्याच शक्तीच्या खास आवृत्त्या नेपाळसाठी येऊ लागल्या. मोटारीची रचना अभियंत्यांऐवजी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ठरवावी, असा हा प्रकार आहे.

अभ्यासकांची अडचणही इथेच आहे. मोटारींपुरते पाहिले तर २५ टक्क्यांचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच ओलांडले गेले. पण ज्या सरकारने एका अर्थसंकल्पात हे घडवले, ते दुसऱ्या अर्थसंकल्पात ते पुसूही शकते. वाहनांवरील आयात कर हे नेपाळच्या महसुलाचे मोठे साधन आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात छोट्या विद्युत मोटारींवरील करही काही टक्क्यांनी वाढवला गेला. अशा स्थितीत पुढील दहा वर्षांचा अंदाज बांधणारे कोणतेही प्रारूप मुळातच डळमळीत ठरते.

हिवाळ्यातली वीज कोणाची?

आता मूळ हिशेबाकडे येऊ. नेपाळची वीज जवळपास संपूर्णपणे जलविद्युत आहे, म्हणून तेथील विजेची मोटार जवळपास निष्कलंक, असे सर्रास लिहिले जाते. पावसाळ्यापुरते ते खरे आहे. परंतु नेपाळमधील बहुतेक प्रकल्प नदीच्या वाहत्या प्रवाहावर चालणारे आहेत. मोठी धरणे फार थोडी. हिमालयातील नद्या हिवाळ्यात आटल्या, की निर्मिती एकूण क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर येते. मग भारतातून वीज घ्यावी लागते. भारतातील विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोळशापासून तयार होते.

साधे गणित करून पाहू. मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीला शंभर किलोमीटरसाठी अंदाजे १५ युनिट लागतात. भारतीय ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ७३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शंभर किलोमीटरमागे ११ किलो. वाटेतील गळती धरली तर थोडा अधिक. लिटरला १५ किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार तेवढ्याच अंतरात १५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे पूर्णपणे आयात विजेवर धावली तरी विजेची मोटार सरस ठरते. मात्र श्रावणात शून्याजवळ असलेला आकडा माघात ११ वर जातो, आणि हा धूर काठमांडूत दिसत नाही. तो सिंगरौलीच्या किंवा कहलगावच्या चिमणीतून बाहेर पडतो. नेपाळच्या नोंदवहीत तो कुठेच येत नाही.

शिवाय सरासरीही फसवी असते. भारताकडून वीज घेण्यासाठी परवानगी लागते आणि ती कोणत्या तासांसाठी आहे, हेही ठरलेले असते. भर दुपारी घेतलेल्या विजेत राजस्थानातील सौरऊर्जेचा वाटा असतो. रात्री नऊच्या विजेत तो नसतो. दुसरीकडे पावसाळ्यात नेपाळ भारताला वीज विकतो. त्यामुळे तेवढ्यापुरता कोळसा वाचतो. दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट वीज भारताने घेण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला असून, नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॉट वीज बांगलादेशातही पोहोचली. या पुण्याचे श्रेय कोणाच्या खात्यावर? याचे उत्तर द्यायचे तर दोन्ही देशांच्या भारप्रेषण केंद्रांतील तासातासाची आकडेवारी एका टेबलावर यायला हवी. हा राजनैतिक प्रश्न आहे. शास्त्रज्ञांना तो प्रयोगशाळेत सोडवता येत नाही.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. २०२२ नंतर मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारींच्या बॅटऱ्यांना सर्वसाधारणपणे आठ वर्षांची हमी आहे. म्हणजे २०३० पासून त्या बदलायला येऊ लागतील. लिथियम बॅटऱ्यांवर मोठ्या प्रमाणात प्रक्रिया करण्याची व्यवस्था नेपाळमध्ये नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत पाठवायच्या म्हटल्या, तर घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठीच्या बॅसल कराराप्रमाणे घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. भारताने २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम केले आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण हे नियम भारतातील बाजारपेठेसाठी आहेत. रांजणगावहून निघालेली मोटार पुण्यात विकली गेली तर तिच्या बॅटरीचा वाली ठरलेला आहे. तीच मोटार रक्सौलची सीमा ओलांडून वीरगंजला गेली, की तो ठरलेला नाही. सफा टेम्पोच्या शिशाच्या बॅटऱ्यांच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या संख्येने थोड्या होत्या आणि शिशाला भंगारात भाव होता.

आणि मोटारींच्या या आकडेवारीत जे सापडत नाहीत, त्यांचे काय? नेपाळमधील नोंदणीकृत वाहनांपैकी बहुसंख्य दुचाकी आहेत आणि त्या अजूनही पेट्रोलवरच धावतात. काठमांडूत ‘साझा यातायात’ या सहकारी संस्थेच्या ताफ्यात ४० विजेच्या बसगाड्या आल्या असल्या, तरी डिझेलच्या मालमोटारी आणि जुन्या बस आहेत तिथेच आहेत. धूर मोजणाऱ्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी बोट दाखवले होते ते या वाहनांकडे. करसवलत मिळाली ती मात्र मोटार घेऊ शकणाऱ्या कुटुंबांना.

मोजपट्टीच गेली तर

हे सगळे प्रश्न पडण्यासाठीसुद्धा आकडे लागतात. २०२५ मध्ये त्या आघाडीवर दोन घटना घडल्या. मार्च महिन्यात अमेरिकी परराष्ट्र खात्याने जगभरातील आपल्या वकिलातींतील हवामापन यंत्रांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले. काठमांडूतील यंत्र त्यातच होते. तेथील पत्रकार, डॉक्टर आणि संशोधक अनेक वर्षे या यंत्रावर विसंबून होते, कारण सरकारी यंत्रणेच्या तुलनेत ते खंड न पडता चालत असे. त्यानंतर जुलैमध्ये, तीस वर्षांपूर्वी सफा टेम्पोला पैसा पुरवणाऱ्या ‘यूएसएड’ या संस्थेचेच काम गुंडाळण्यात आले.

जर्मन मोहीम संपली तेव्हा जर्मन उपकरणे परत गेली. अमेरिकी मोहीम भूकंपाने थांबली आणि पुढील काम निधी मिळेल तसे झाले. परदेशी संशोधकाला शोधनिबंधासाठी दोन हिवाळे पुरतात. नेपाळला मात्र २०३० पर्यंतचा प्रत्येक हिवाळा मोजावा लागणार आहे. त्यासाठी लागणारी माणसे काठमांडूत आहेत. इसिमोडमध्ये आणि तेथील विद्यापीठांमध्ये गेल्या दोन दशकांत तयार झालेली ही नेपाळी पिढी या परदेशी मोहिमांमध्येच शिकली. त्यांना हवी आहेत खात्रीशीर यंत्रे, त्यांच्या देखभालीची अर्थसंकल्पातील एक कायमची तरतूद आणि दिल्लीतून मिळणारी विजेची तासवार माहिती. विद्युत मोटारींवर २०२४ मध्ये वाढवलेल्या कराचा छोटासा अंश यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी पुरेसा ठरावा. तिसरीसाठी काठमांडूला दिल्लीचे दार ठोठवावे लागेल.